काटेबाईंना एकटं जायचं होतं

एकट्या बाईने फिरायला जाण्यासाठी सगळ्यांत सुरक्षित शहरं कोणती, याची यादी रविवारच्या पुरवणीत आली आणि काटेबाईंनी ती कात्रीने नीट कापून घेतली. पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

यादी कोणी केली, कशावरून केली, हे पुरवणीत दिलेलं नव्हतं. एरवी काटेबाईंनी असल्या गोष्टीवर विश्वास ठेवला नसता. त्या वजनमाप खात्यात निरीक्षक होत्या. दुकानातला काटा तपासायचा, चुकीचा निघाला तर दंड करायचा आणि बरोबर निघाला तरी जरा संशयाने बघायचं, हे त्यांचं काम. त्यावरूनच बाजाराने त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि ते बाजारातून चालत चालत त्यांच्या बिल्डिंगीपर्यंत आलं होतं. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि आईच्या तोंडी होतं. तीन महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते नुसतं पगारपत्रकावर उरलं.

या तीन महिन्यांत काटेबाई रडल्या नव्हत्या. भेटायला येणारी माणसं परत जाताना दारात चपला शोधत एकमेकांना म्हणत, "किती खंबीर आहे हो!" खंबीरपणाचा इथे काही संबंध नव्हता. त्यांना सवड मिळाली नव्हती. घरात दोघीच असायच्या, त्यातली एक गेली. हिशेबाने पाहता घर रिकामं व्हायला हवं होतं. ते भरलं. दुःखात माणसाला एकटं सोडू नये, असं ज्याने कोणी प्रथम म्हटलं, त्याला पुढे काय होणार याची कल्पना नसावी. मावशी "तू एकटी पडू नयेस म्हणून" बॅग घेऊन आली, आणि ती बॅग आकाराने अशी होती की काटेबाई निवृत्त होईपर्यंत एकट्या पडण्याची भीती नव्हती. मावशी त्यांच्याच खोलीत झोपे. काटेबाई न्हाणीघरात जरा रेंगाळल्या की बाहेरून हाक येई, "अगं, ठीक आहेस ना?" ठीक नसणारं माणूससुद्धा अशा वेळी "हो" म्हणतं आणि तोंड धुऊन बाहेर येतं.

एकदा काटेबाईंनी धीर करून सांगून पाहिलं, "मावशी, मला जरा रडायचंय."

"मग रड ना बाई! मी आहे की!" मावशी म्हणाली. तिने टीव्ही बंद केला, पदर सावरला, हातात रुमाल घेतला आणि समोर बसून वाट बघू लागली. काटेबाईंनी प्रामाणिक प्रयत्न केला. पण कोणी परीक्षकासारखं समोर बसलं की लहानपणीसुद्धा त्यांना पाठ असलेली कविता आठवत नसे.

"येतंय का?" थोड्या वेळाने मावशीने विचारलं.

"नाही."

"दाबून ठेवू नकोस हं. माझ्या नणंदेने दाबून ठेवलं, तिला पुढे पित्ताचा त्रास झाला."

तेव्हा काटेबाईंनी ठरवलं, की कोणी ओळखणार नाही अशा गावी जायचं, चार दिवस एका खोलीत बसायचं आणि हे काम उरकून यायचं. यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या शहरावर त्यांनी पेनाने खूण केली.

बातमी बिल्डिंगीत कशी पसरली हे सांगण्यात अर्थ नाही. मावशीला कळली होती एवढं पुरे. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे विमेकाका वर आले. विमेकाकांनी आयुष्यभर विमा विकला होता. त्यामुळे जगात जे जे काही वाईट होऊ शकतं त्याचं प्रत्येकी एक उदाहरण त्यांच्यापाशी तयार असे, तेही नावागावानिशी.

"एकटी?" विमेकाका खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले.

"हो."

"म्हणजे बरोबर कोणी नाही?"

"एकटी म्हणजे तेच ना काका."

"तसं नव्हे. एखादी मैत्रीण, शेजारीण, गेला बाजार ही मावशी?"

"मी गुडघ्यांमुळे नाही म्हणाले," मावशी म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

परगावी दादा होता, त्याचा फोन आला. दादा आईला शेवटचं भेटू शकला नव्हता आणि तेव्हापासून तो बहिणीची काळजी व्याजासकट करत असे. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? या मनःस्थितीत?"

"अरे, नोकरीत मी वीस वर्षं एकटीच फिरतेय. कुठल्या कुठल्या बाजारात गेलेय. एका व्यापाऱ्याने अंगावर वजन फेकलं होतं."

"ते वेगळं. ते काम होतं."

यावर काटेबाई पुष्कळ वेळ विचार करत राहिल्या. कामासाठी बाई एकटी गेली तर ती नोकरी, आणि फिरायला एकटी गेली तर ते प्रकरण. रस्ता तोच, गाडी तीच, अंधारही तोच. मग मधे नेमकं काय बदलतं? बहुधा एवढंच, की कामाला गेलेली बाई कोणाचं तरी काही देणं लागते आणि फिरायला गेलेली बाई सबंध स्वतःची असते. ही वस्तू मोजायला त्यांच्या खात्याकडे माप नव्हतं.

मग हॉटेलला फोन झाला.

"किती जण, मॅडम?"

"एक."

"म्हणजे सर आणि तुम्ही?"

"ते दोन झाले. मी एक म्हटलं."

"सॉरी मॅडम, एकट्या लेडीजना आम्ही रूम देत नाही."

"का?"

"सेफ्टी, मॅडम. आपलं शहर नंबर एक आहे ना."

काटेबाईंना त्या क्षणी ती यादी कशी तयार झाली याचा उलगडा झाला. एकट्या बाईला आतच घेतलं नाही तर तिला काही होणार कसं? दुकानदार काटाच ठेवत नसेल तर काटा खोटा निघण्याचा प्रश्न येत नाही. या हिशेबाने समुद्राच्या तळाचा क्रमांक शहराच्याही वर लागायला हवा होता. आणखी दोन हॉटेलांनी तेच सांगितलं. चौथं म्हणालं, शहरातल्या एखाद्या जबाबदार माणसाने ओळख दिली तर बघू. ज्या बाईने शिक्का मारल्याशिवाय जिल्ह्यातलं एक किलोचं वजन किलो म्हणून चालत नव्हतं, त्या बाईला स्वतःवर शिक्का मारून घ्यायला माणूस शोधावा लागला.

"त्यात काय!" विमेकाका म्हणाले. "माझा भाचेजावई तिथेच आहे. नगरपालिकेत, रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात. फार जबाबदार. मी आत्ता फोन करतो."

"काका, फक्त ओळख. बाकी त्यांना त्रास नको."

"छे छे, त्रास कसला," विमेकाका म्हणाले, आणि ते किती खरं होतं हे काटेबाईंना नंतर कळलं. भाचेजावयाला त्रास असा होतच नसे.

निघायच्या दिवशी विमेकाकांनी त्यांच्या पर्सला किल्लीच्या जुडग्यासारखं एक यंत्र अडकवलं. "पिन खेचली की बोंबलतं. वापरायची वेळ येऊ नये म्हणा." मग ते बसमध्ये चढले आणि कंडक्टरसकट सगळ्यांना मोठ्याने म्हणाले, "या ताई एकट्या आहेत हो! जरा लक्ष असू द्या!" तोपर्यंत बसमधल्या कोणाला त्या एकट्या आहेत हे माहीत नव्हतं. आता ड्रायव्हरही आरशातून बघू लागला.

बस गावाबाहेर पडली. खिडकीतून शेतं, विजेच्या तारा, एक अर्धं बांधलेलं घर असं मागे जाऊ लागलं. त्या अर्ध्या घराच्या दोरीवर एक साडी वाळत होती. काटेबाईंना रडू आलं. आलं, खरंच आलं. त्यांनी घाईने पर्समधला रुमाल ओढला. रुमालात पिन अडकली होती.

ते यंत्र विमेकाकांच्या शब्दाला जागलं. बस करकचून थांबली. कोणी "साप, साप" असं ओरडलं. कंडक्टर धावत आला आणि त्याने काटेबाईंच्या पलीकडच्या बाकावर झोपलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची कॉलर धरली.

"काय केलंत ताईंना?"

"मी?" ते गृहस्थ अर्धवट झोपेत म्हणाले. "मला तर उतरायचंसुद्धा नाहीये अजून."

"अहो, त्यांनी काही नाही केलं! रुमाल अडकला!" काटेबाई त्या आवाजावर आवाज चढवत म्हणाल्या. पिन परत बसेना. शेवटी ड्रायव्हरने ते यंत्र चाकाखाली ठेवून बस एकदा पुढे आणि एकदा मागे घेतली, तेव्हा ते शांत झालं. काटेबाईंनी त्या गृहस्थांची इतक्या वेळा माफी मागितली की ते बिचारे दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. रडू केव्हाच आल्या वाटेने परत गेलं होतं.

सुरक्षित शहराच्या बसस्थानकावर भाचेजावई आणि त्यांची बायको, म्हणजे विमेकाकांची भाची, दोघंही गाडी घेऊन हजर होती.

"ताई, चिंता करायची नाही. तुम्हाला एक मिनिट एकटं वाटू देणार नाही," भाचेजावई म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. पहिले दोन दिवस काटेबाईंनी ते शहर भाचेजावयांच्या खात्याच्या दृष्टीने पाहिलं, म्हणजे खांबाखांबाने. "हा बघा चौक. पूर्वी इथे चार दिवे होते. आता सोळा. बाई इथे सुई शोधू शकते." तेव्हा भर दुपार होती आणि सुई कुठेही सापडली असती. भाची मागच्या सीटवर शेजारी बसून त्यांचा हात हातात धरून असे. "मामा म्हणाले, तुमची आई गेली. किती वाईट. मला सगळं सांगा. मन मोकळं करा." ती खरोखर भली होती. काटेबाई तिला म्हणाल्या, "हा खांब छान आहे."

हॉटेलने त्यांना खास खोली दिली होती, स्वागतकक्षाच्या अगदी पाठीला पाठ लावून. तिथून तासातासाला फोन येई. "मॅडम, ऑल ओके?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटेबाई पलंगावर बसल्या, दिवा मालवला आणि आईचा चेहरा आठवू लागल्या. चेहरा येत होता. कपाळ आलं, भुवई आली. फोन वाजला. त्यांनी घेतला नाही. लगेच दारावर टकटक. "मॅडम, फोन नाही उचललात म्हणून." बाहेर एक मुलगी पाण्याची बाटली आणि काळजीचा चेहरा घेऊन उभी होती. काटेबाईंनी बाटली घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आयुष्यातला पहिला बेकायदेशीर विचार केला. मोबाइल त्यांनी खोलीतच चार्जिंगला लावला. दादाने त्यावर अशी सोय करून ठेवली होती की त्याला बहीण कुठे आहे ते नकाशावर दिसत राही. आता त्याला ती खोलीत शहाण्यासारखी बसलेली दिसणार होती. मग कपडे धुण्याच्या खोलीजवळच्या मागच्या जिन्याने, ओल्या चादरींच्या गाठोड्यांवरून पाय उचलत, काटेबाई पळून गेल्या.

शहर खरोखर चांगलं होतं. खांबांच्या मधल्या जागेत पाहिलं की कळत होतं. एक बाई दुकानाचं शटर एकटीच वर ढकलत होती, तिने मदतीला आलेल्या माणसाला नुसत्या भुवईने परत पाठवलं. शाळेच्या भिंतीलगत दोन मुली सायकलींवरून हसत गेल्या. काटेबाई विचारत विचारत तळ्यापाशी पोचल्या आणि एका बाकावर बसल्या. त्यांच्या लक्षात आलं, की तळ्यावर एकट्या बायका पुष्कळ आहेत, पण प्रत्येकीकडे काहीतरी निमित्त आहे. कोणी पळत होती, कोणी कुत्रं फिरवत होती, कोणी फोनवर बोलत होती. निमित्त नसलेल्या त्या एकट्याच. बागेचा रखवालदार जवळ आला.

"कोणाची वाट बघताय का?"

"नाही."

तो एक फेरी मारून आला. "आले नाहीत अजून?"

"कोणी येणार नाहीये."

"येतील, येतील," रखवालदार समजुतीने म्हणाला आणि गेला.

निमित्तावरून त्यांना आई आठवली. आई जन्मात कुठे एकटी गेली नव्हती. बँकेतसुद्धा कोणीतरी बरोबर लागे. पण दुपारचं काम आटोपलं की ती मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जायची. आत दहा माणसं असली तरी त्या वेळी तिच्यामागे कोणी जात नसे. गॅलरी दोन माणसांना पुरतच नव्हती. एकेक कपडा झटकायची, दोरीवर टाकायची, पुन्हा काढायची, पुन्हा झटकायची. किती वेळ लागतो गं तुला, असं घरातले म्हणत. लहानपणी एकदा काटेबाईंनी दोरीवरच्या चादरीला गाल लावला होता, तर ती कोरडी ठणठणीत होती. सगळेच कपडे कोरडे होते. आई वाळलेले कपडे वाळत घालत होती. तेव्हा ती गंमत वाटली होती. आज, कोण्या परक्या गावच्या तळ्याकाठी, काटेबाईंना कळलं की आई रोज दुपारी प्रवासाला जात होती, आणि तिला मिळालेलं सगळ्यांत सुरक्षित शहर तेवढंच होतं: एक माणूस मावेल एवढं.

हात आपोआप तोंडाकडे गेला.

"लक्ष द्या, लक्ष द्या!" बागेतला भोंगा खरखरला. "एक महिला हरवली आहे. वय शेहेचाळीस. उंची मध्यम. अंगावर राखाडी रंगाचा ड्रेस. चष्मा. चेहरा रागीट, पण स्वभावाने चांगली आहे. मनःस्थिती बरी नाही. कोणाला आढळल्यास तिला एकटं सोडू नये!"

हे वर्णन मावशीने दिलेलं होतं यात शंका नव्हती; बॅगेत सगळे ड्रेस राखाडीच आहेत हे तिलाच ठाऊक होतं. सबंध तळं वळून बघू लागलं. काटेबाईंनी चेहऱ्यावरचा राग काढायचा प्रयत्न केला, त्याने तो वाढला.

"सापडली!" रखवालदार ओरडला. "मी म्हटलंच होतं, येतील म्हणून!"

हॉटेलने फोन केला होता, तो खोलीतच वाजत राहिला होता. मग दुसऱ्या किल्लीने दार उघडलं होतं. आत मोबाइल, बॅग सगळं होतं आणि बाई नव्हती. एवढं कळल्यावर भाचेजावयांनी विमेकाकांना कळवलं, विमेकाकांना लगेच एक उदाहरण आठवलं, आणि दादाने तिथूनच तक्रार करायला लावली. या साखळीत चूक अशी कोणाचीच नव्हती.

पोलीस ठाण्यात महिलांसाठी वेगळी खोली होती. तिथे एक हवालदारबाई डबा उघडण्याच्या बेतात बसल्या होत्या. काटेबाईंना बघून त्यांनी झाकण परत लावलं.

"बसा. हरवलेल्या तुम्हीच ना?"

"मी हरवले नव्हते. मी तळ्यावर बसले होते."

"हरवलेले सगळे कुठेतरी बसलेलेच असतात हो." हवालदारबाईंनी कागद ओढला. "सापडलात, आता तक्रार बंद करायची. कोणाच्या ताब्यात देऊ तुम्हाला?"

"माझ्याच द्या."

"तसं नाही चालत. हरवलेला माणूस त्याच्याच ताब्यात कसा द्यायचा? उद्या परत हरवला तर?"

"अहो, मी सरकारी अधिकारी आहे. मी दुसऱ्यांचा माल ताब्यात घेते."

"तो माल बोलतो का मधे?" हवालदारबाई म्हणाल्या. तेवढ्यात भाचेजावई दारातून पुढे झाले. "मॅडम, माझ्या ताब्यात द्या. मी जबाबदारी घेतो."

"तुम्ही यांचे कोण?"

"मी यांच्या काकांच्या भाचीचा नवरा."

"सख्खे काका?"

"खालच्या मजल्यावर राहतात," काटेबाई म्हणाल्या.

हवालदारबाईंनी भाचेजावयांना हातानेच बाहेर बसवलं. "रक्ताचं कोणी सांगा, ताई. नवरा?"

"नाही. लग्न केलं नाही."

"वडील?"

"नाहीत. खूप वर्षं झाली."

"भाऊ लांब आहे, तो फोन करकरून डोकं खातोय, ते कळलं. बरं, आई?"

काटेबाईंनी तोंड उघडलं. उत्तर एका शब्दाचं होतं.

"नाही."

"नाही म्हणजे? घरी नाही, की..."

"गेली."

तीन महिने हा शब्द घरात चोवीस तास बोलला जात होता. मावशीने तो फोनवर सांगितला होता, दादाने कागदपत्रांवर लिहिला होता, विमेकाकांनी जिन्यात उभं राहून साऱ्यांना कळवला होता. काटेबाईंच्या वाटणीला तो आलाच नव्हता. त्यांच्या वतीने कोणी ना कोणी आधीच बोलून टाकलेलं असे. आज त्यांनी तो पहिल्यांदा आपल्या तोंडाने उच्चारला, आणि मग आणखी एकदा, कोणी विचारलं नसताना. "आई गेली माझी."

आणि ते आलं. शोभेल असं नाही, मोठ्याने, नाकातोंडातून, लहान मूल गर्दीत हात सुटल्यावर रडतं तसं. काटेबाई टेबलावर डोकं ठेवून रडू लागल्या.

हवालदारबाईंनी पाणी पुढे केलं नाही. पाठीवर हात ठेवला नाही. त्या उठल्या, दार लावलं, कडी घातली, आपल्या जागेवर येऊन बसल्या आणि डबा उघडला. मग खुर्ची जराशी खिडकीकडे वळवून बाहेर बघत जेवू लागल्या.

बाहेरून दार वाजलं. "मॅडम! आवाज येतोय! ताई ठीक आहेत ना?" भाचेजावई विचारत होते.

"ठीक नाहीयेत," हवालदारबाई तोंडातला घास सांभाळत म्हणाल्या. "पण काळजीचं काही नाही. बसा तिकडे. चौकशी चालू आहे."

"अजून किती वेळ लागेल?"

हवालदारबाईंनी एकदा वळून टेबलावरच्या डोक्याकडे पाहिलं. मग पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

"लहान मूल असतं तर लगेच आटपलं असतं. बाई मोठी आहे," त्या म्हणाल्या. "वेळ लागणार."